गुंडाप्पाच्या यारीची तार

जळकोटच्या शिवकन्याला राग येतो, असं म्हणणं चूक आहे. राग तिच्याकडं मुक्कामालाच असतो, अधूनमधून बाहेर फिरून येतो एवढंच. भाजीवाल्याशी भांडण, एसटीच्या कंडक्टरशी भांडण, शेजारणीच्या कोंबड्यांशीसुद्धा भांडण. गाव म्हणतं, बाईचं डोकं फिरलंय. गावाला म्हणायला काय जातं? त्या बाईच्या दारात खिळ्याला काय टांगलंय, ते गावानं रोज उठून पाहिलेलं नाही.

तिथं टांगली होती एक तार. बोटाएवढ्या जाडीची, पोलादी, वेटोळं करून ठेवलेली. ती तिच्या सासऱ्याची, गुंडाप्पाची. गुंडाप्पानं आयुष्यभर विहिरी खोदल्या. विहिरीतला दगड-मुरूम वर ओढणारी यारी त्याच्या मालकीची होती, आणि त्याच तारेला लोंबकळत माणसंही खाली उतरायची. म्हातारा गेला, यारी भंगारात गेली, पण तार तेवढी मुलानं ठेवून घेतली. खंडेनवमीला घरात सगळ्यात आधी हळदकुंकू लागायचं ते त्या तारेला.

मुलगा म्हणजे शिवकन्याचा नवरा, गुरुसिद्धप्पा. त्याची एक जुनी जीप होती. हायवेच्या कडेला टेम्पो कलंडला, काळ्या रानात उसाची ट्रॉली रुतली, की लोक त्यालाच हाक मारायचे. तो जीपला बापाची तार बांधायचा आणि ओढून काढायचा. तीन वर्षांपूर्वी ओढ्यात रुतलेला एक ट्रॅक्टर ओढताना ती तार तुटली. तुटलेलं टोक उलटं फिरलं आणि गुरुसिद्धप्पाच्या गुडघ्यावर बसलं. शिवकन्या जेवणाचा डबा घेऊन काठावर उभी होती. तिनं सगळं डोळ्यांनी पाहिलं. पाय दवाखान्यात राहिला. उरलेली तार मात्र चार माणसांनी उचलून घरी आणून दिली.

आता कुणालाही वाटेल, त्या दिवशी तार उकिरड्यावर गेली असेल. पण नाही. गुरुसिद्धप्पानं अंथरुणावरून पहिलं वाक्य काढलं ते हे: "तार न्हाय तुटली. हूक निसटला." आणि त्यानंतर विचारणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत राहिला. कुबडीवर उभं राहता येऊ लागल्यावर त्यानं स्वतःच्या हातानं तारेला तेल चोळलं आणि ती दारातल्या खिळ्याला लावली. येता-जाता शिवकन्याच्या डोक्याला ती घासायची. मग ती कंडक्टरशी भांडणार नाही तर काय करणार?

पुढं मुलानं, सोमेशनं, जीप हाती घेतली. जीपनं नुसतं हिसके देऊन ओढण्यापेक्षा पुढं विंच बसवू, असं त्याचं म्हणणं पडलं. विंच म्हणजे बॅटरीवर चालणारा रहाट. बटण दाबलं की दोर गुंडाळला जातो आणि रुतलेली गाडी सरकत येते. गुरुसिद्धप्पानं परवानगी दिली, पण सोबत हुकूमही दिला. "विंच आण. तार इकत आनू नगंस, आपली हाय. आन् दुसरी बॅटरी तरी कशाला? घरात इन्व्हर्टरची हाय की, येवढी दांडगी."

सकाळी शिवकन्या नवी साडी नेसून सोमेशच्या शेजारी सोलापूरच्या एसटीत जाऊन बसली.

सोलापूरच्या दुकानदारानं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि तिच्याकडं पाठ करून सोमेशशी बोलायला लागला. जीपच्या वजनाच्या दीडपट ओढणारा विंच घ्या, चिखल गाडी धरून ठेवतो तेव्हा त्याहून जास्त जोर लागतो. सोबत कप्पी घ्या, ओढ दुप्पट होते. आधाराला जीप बाभळीला बांधायची तर खोडाला गुंडाळायला रुंद पट्टा घ्या. दोर मात्र तुमच्या आवडीचा, पोलादी किंवा सिंथेटिक. इथं शिवकन्याचं पित्त खवळलं. आवडीचा? लुगडं आहे का ते?

"तुटल्यावर कुठं जातो?" तिनं खुर्चीतूनच विचारलं.

"काय म्हणालात?"

"दोर वो, दोर. तुटला तर कुठं जातो त्ये सांगा. बाकीचं ऱ्हाऊ द्या."

दुकानदार वळला. आता तो तिच्याशी बोलू लागला. तार ताणली की तिच्यात लई जोर साठतो, तुटली की सगळा जोर घेऊन ती उलटी येते. सिंथेटिक दोर हलका, तो बहुतेक वेळा जागीच खाली पडतो. उन्हात ठेवायचा नाही, धारदार कडेवर घासू द्यायचा नाही. आणि कुठलाही असो, ताणलेल्या दोरावर मधोमध एक जाड पांघरूण टाकायचं, म्हणजे तुटला तरी उसळत नाही, आणि माणसानं लांब उभं राहायचं.

"ह्यो द्या," ती म्हणाली.

बॅटरीचंही तिनं सोडलं नाही. इन्व्हर्टरची बॅटरी रात्रभर हळूहळू देणारी, विंचला एकदम सगळं लागतं, असं दुकानदारानं सांगितलं. आणि जीपच्या एकाच बॅटरीवर विंच चालवला तर दुसऱ्याची गाडी निघेल, पण आपली जीप चालू व्हायची नाही. म्हणून विंचला वेगळी बॅटरी घेतली, बंद तोंडाची, जीप कलली तरी ॲसिड न सांडणारी. दोन्ही बॅटऱ्यांच्या मध्ये एक कटआउट बसवलं, म्हणजे विंचची उतरली तरी जीपची भरलेली राहते. इंजिन चालू ठेवूनच विंच चालवायचा, हे तिनं सोमेशकडून दोनदा वदवून घेतलं.

घरी गुरुसिद्धप्पानं तो दोर हातात धरला आणि हसला. "म्हैस बांधायला आनलास व्हय रं?" शिवकन्यानं घरातली जुनी घोंगडी जीपमध्ये टाकली, तेव्हा तर तो चार माणसांत म्हणाला, "दोरीला थंडी वाजती आमच्याकडं." माणसं हसली. शिवकन्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण पावसाळाभर त्या दोरानं टेम्पो काढले, ट्रॉल्या काढल्या, आणि गुरुसिद्धप्पाचं हसू हळूहळू मावळलं. दोर चांगला ठरतोय हे त्याला सोसेना. का सोसेना, ते शिवकन्याला पुरतं ठाऊक होतं. दोर चांगला ठरला की तार वाईट ठरते. तार वाईट ठरली की बाप चुकतो, आपण चुकतो, आणि पाय फुकट जातो.

मार्गशीर्षातली अमावास्या आली. आमच्या भागात त्या दिवशी येळवस असते. गावाला कुलूप लागतं, सगळं गाव रानात जेवतं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करून पाच पांडव पूजायचे, शेंगा-भाज्यांची भज्जी आणि बाजरीचे उंडे खायचे, मडक्यातली आंबील प्यायची. येळवशीच्या आधी दोन दिवस गुरुसिद्धप्पा जेवला नाही. "सणाला तरी माज्या बापाची तार जीपला लाव," एवढंच सोमेशला म्हणाला. पोरगं मऊ काळजाचं. आई आंबिलीच्या नादात असताना त्यानं दोर काढून घरात ठेवला आणि विंचवर तार गुंडाळली. बाप जेवला.

येळवशीला शेजारच्या रानात दिग्विजय नावाचा पाहुणा पुण्याहून मोठी गाडी घेऊन आला होता. त्यानं ती कौतुकानं कोपीपर्यंत आणायला घेतली, आणि कालच पाणी दिलेल्या गव्हात ती निम्मी चाकं बुडेपर्यंत रुतली. सोमेश जीप घेऊन धावला. गुरुसिद्धप्पा कुबडी टेकत मागं गेला, बऱ्याच दिवसांनी त्याची मान ताठ होती.

शिवकन्या पाहुण्यासाठी आंबिलीचा तांब्या घेऊन आली, तेव्हा हूक अडकवून झाला होता. इंजिन चालू होतं, सोमेश विंचचं बटण हातात घेऊन जीपच्या नाकापाशीच उभा होता. त्याच्या तळहाताला काळं तेल लागलेलं होतं. मग तिनं तार पाहिली.

आता ही बाई गाव डोक्यावर घेणार, असं तिथल्या प्रत्येकाला वाटलं. तिनं तांब्या बांधावर ठेवला. पाहुण्याच्या गाडीकडं जाऊन हूक हलवून पाहिला. मग तारेच्या अगदी शेजारी, चिखलात, फतकल मारून बसली आणि एक पाय तारेला लावून लांब केला.

"हं. ओढ," ती म्हणाली.

"अव्वा, ऊठ," सोमेश आईला म्हणाला.

"काकू, बाजूला व्हा ना," दिग्विजय म्हणाला.

"तुमी गप बसा. सोमेश, ओढ. तार चांगली हाय म्हनतेत तुजे अप्पा."

सोमेशनं बापाकडं पाहिलं. गुरुसिद्धप्पाच्या ओठांवर जीभ फिरली. "हूक नीट बसलाय का बघ आदी," तो म्हणाला.

"हूक म्या बघितलाय," शिवकन्या म्हणाली. "पक्का बसलाय. आता काय ऱ्हायलं? दाब रं बटन. दाब म्हनते न्हवं!"

सोमेशच्या हातून बटण दाबलं गेलं की काय कुणास ठाऊक, तार चिखलातून जराशी उचलली गेली आणि करकरली.

"दाबू नगंस!" गुरुसिद्धप्पा ओरडला. कुबडी त्याच्या हातून सुटली आणि तो बांधावर पडला. "सोड, सोड ती! तुटंल!"

"काय तुटंल? हूक?"

"तार." तो मातीत हात टेकून बसला होता. "तार तुटंल. तवाबी तारच तुटली."

सोमेशनं बटण जीपच्या टपावर ठेवलं आणि इंजिन बंद केलं. शिवकन्या उठली. साडी चिखलानं जड झाली होती. ती नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली, आणि तीन वर्षं जगाशी भांडून उरलेला सगळा राग तिच्या तोंडावर होता.

"ठावं हुतं तुमाला," ती म्हणाली. "तरी माज्या लेकराला तिच्याजवळ उबं केलंत?"

गुरुसिद्धप्पानं मान वर केली नाही. तिनं त्याची कुबडी उचलून त्याच्या हातात दिली, आंबिलीचा तांब्या दिग्विजयच्या हातात दिला, आणि दोर आणायला गावाकडं चालू लागली.