टाकीच्या झाकणाचं लॅमिनेशन

मोटरसायकलच्या पेट्रोल टाकीच्या झाकणाला हवेसाठी एक बारीक भोक असतं आणि ते मोकळं ठेवायचं असतं. ही माहिती जगात सगळ्यांना होती, असं आता कळतं. मला नव्हती.

अमरावतीला आमचं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान आहे. या धंद्यात माणसाची नजरच बिघडते. दिसेल त्या वस्तूवर प्लास्टिक चढवावंसं वाटतं. गॅसचं कार्ड, गणपतीच्या आरत्या, वजनकाट्यावरचं भविष्य, झालंच तर आमच्या लग्नपत्रिकेची उरलेली शेवटची प्रत, सगळं मी लॅमिनेट करून ठेवलं आहे. (माझी बायको वंदना म्हणते, "मले सोडलं, तेवढे उपकार झाले बाप्पा!")

तर दसऱ्याला मी नवी मोटरसायकल घेतली. फ्युएल इंजेक्शनची! म्हणजे काय ते मलाही ठाऊक नव्हतं. पण शोरूमवाला म्हणाला होता, "याच्यात कार्बोरेटर नसते साहेब, कम्प्युटर असते," आणि तेवढं वाक्य मी दिवाळीपर्यंत भेटेल त्याला ऐकवत होतो. वंदीने गाडीची पूजा केली आणि हळदकुंकू कालवून सुरेख स्वस्तिक काढलं. ते नेमकं टाकीच्या झाकणावर.

"इथंच काहून?" मी विचारलं.

"गाडीचं पोट हाय ना ते. भरलेलं राहो."

मला हे फार पटलं. इतकं पटलं, की गाडी धुताना ते शुभचिन्ह पुसलं जाऊ नये म्हणून मी दुकानातला पारदर्शक चिकट कागद गोल कापून त्याच्यावर बसवला. किल्लीपुरती ब्लेडने खिडकी ठेवली. कडा नखाने दाबल्या. एक बुडबुडा राहू दिला नाही! इतकी सफाई मी गिऱ्हाइकाच्या डिग्रीलाही दाखवत नाही. कागदाखाली काय काय झाकलं गेलं, याची चौकशी करायचं मला कारण नव्हतं.

घर ते दुकान आणि दुकान ते घर एवढ्या प्रवासात गाडीने कधी तक्रार केली नाही. मग माझ्या धाकट्या साळीचं, म्हणजे मेहुणी शीतलचं, अकोल्याला साक्षगंध (साखरपुडा) ठरलं. नवरदेवाची अंगठी अमरावतीच्या सोनाराकडे घडवली होती. मामाजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, फोन आला.

"जवाईबापू, अंगठी तुमीच आना. थोरल्या जवायाच्या हातून आली म्हंजे शोभा राह्यते. पन टायमावर या बरं! दुपारचा मुहूर्त हाय. पोराची आजी लय खुसपटं काढते. मुहूर्त हुकला तं म्हनन, पोरीचा पायगुनच वाईट."

"मामाजी, चिंताच करू नका. तुमचा जवाई कम्प्युटरवर येऊन राह्यला!"

पलीकडून फोन कट झाला. मला वाटलं, भारावले असतील.

सकाळी टाकी गच्च भरली. वंदी मागे बसली, अंगठीची डबी तिच्या पर्समध्ये. बडनेरा मागे पडलं, हवा छान होती, दोन्ही बाजूंना तूर डोलत होती आणि मी वंदीला कम्प्युटरबद्दल सांगत होतो. तेवढ्यात गाडी ठसकली. मग पिवळा दिवा लागला. मग ती गप्पच झाली.

"काय झालं वं माय?" वंदी म्हणाली.

"काही नाही. फ्युएल सिस्टीमचं निदान करावं लागेल," मी म्हणालो. (मोबाइलवर या विषयाचे व्हिडिओ मी पाहिले होते. निम्मे हिंदीत होते आणि उरलेले मला समजले नव्हते.) किल्ली फिरवली की टाकीतला पंप 'घूंऽऽ' करतो. तो आवाज आला, तर पंप जिवंत आहे असं समजायचं. बाजूने ट्रक धडाडत होते, म्हणून मी टाकीला कान लावून उकिडवा बसलो. एक स्कूटरवाला थांबला. त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"काय म्हनते?" त्याने विचारलं.

"कोण?"

"गाडी."

"पंप चालू आहे म्हणते."

"मंग तुमी काहून बंद पडून राह्यले?" असं म्हणून तो निघून गेला.

मी खात्री करायला झाकण उघडलं. 'फुस्स्' असा आवाज झाला. आत पेट्रोल काठोकाठ. झाकण लावलं, किल्ली दोन-चारदा इकडेतिकडे केली आणि बटण दाबलं, तर गाडी सुरू!

"तुमी काय केलं?" वंदीने विचारलं.

"सिस्टीम रिसेट," मी म्हणालो. लग्नानंतर पहिल्यांदाच तिने माझ्याकडे थोड्या आदराने पाहिलं. तो आदर मूर्तिजापूरपर्यंतही टिकला नाही, कारण त्याच्या अलीकडेच गाडी पुन्हा बसली. या वेळी रिसेट करकरून माझा अंगठा दुखला, पण गाडी ढिम्म. शेजारच्या शेतातून ट्रॅक्टरवाला उतरून आला.

"पेट्रोल नसन."

"फुल्ल आहे. काटा पाहा ना."

"काटा खोटं बोलते भाऊ. उघडा झाकन." आमच्या वऱ्हाडात पेट्रोल स्वतःच्या डोळ्याने पाहिल्याशिवाय कोणी विश्वास ठेवत नाही. झाकण उघडलं, 'फुस्स्' झालं, त्याने एक डोळा मिटून आत पाहिलं, झाकण लावलं आणि निदान केलं: "कचरा आला नळीत. हालवा!" आम्ही दोघांनी गाडी धरून अशी गदागदा हलवली की आरसा फिरला. बटण दाबलं. गाडी सुरू!

"पाह्यलं? कम्प्युटर-फिम्प्युटर काही नसते," तो म्हणाला. मी त्याचे हात जोडून आभार मानले.

पुढच्या वेळी पेरू विकणारी एक आजीबाई भेटली. मी किल्ली फिरवली, कान लावला, गाडी हलवली. काही उपयोग नाही. आजी म्हणाली, "उघड बरं बाबू, पाहू दे." तिलाही पेट्रोल पाहायचंच होतं! पाहून झाल्यावर तिने भाकरीच्या फडक्यातलं मीठ काढून गाडीवरून उतरवलं. "नवी गाडी हाय, नजर लागली." बटण दाबलं. गाडी सुरू! मी विज्ञानवादी माणूस आहे. तरी जाताना चिमूटभर मीठ मागून खिशात ठेवलं.

आता माझी पद्धत पक्की झाली. गाडी थांबली की किल्ली फिरवायची, टाकीला कान लावायचा, झाकण उघडून पेट्रोल पाहायचं, गाडी हलवायची, मीठ उतरवायचं. सगळं नीट क्रमाने केलं की गाडी थोडं अंतर जायची आणि पुन्हा बसायची. येणारेजाणारे हे कोणत्या देवाचं आहे ते विचारू लागले.

"अवो," शेवटी वंदी म्हणाली, "झाकन उघडलं का चालू होते. दरखेपी फुस्स वाजून राह्यलं. कुकरसारखं. ते तुमचं प्लास्टिक काढा बरं एकदा."

मी हसलो. मोठ्याने हसलो. "वंदे, ही फ्युएल इंजेक्शन आहे! कुकर नाही! याच्यात सेन्सर असतात, इंजेक्टर असतो..."

"अन् नवरा असते," ती म्हणाली.

बोरगाव मंजूला येईतो खिशातलं मीठ संपलं आणि मामाजींचा फोन आला. "कुठी हात तुमी? पावने येऊन बसले. आजी घड्याळ पाहून राह्यली!"

"आलोच मामाजी, अकोल्यात शिरलोच समजा!" मी म्हणालो. नेमकी त्याच वेळी मागून बकऱ्या ओरडल्या. मामाजींनी फोन ठेवला. त्यांचा आवाज ऐकून मात्र माझी मस्ती उतरली. शीतल माझ्या लग्नात करवली होती, माझे जोडे तिनेच लपवले होते. तिच्या साक्षगंधाला नवरदेव अंगठीविना बसून राहणार आणि कारण मी!

वंदीने परत फोन करून आम्ही कुठे अडकलो ते खरं सांगितलं. मामाजींनी मग माझ्या साडूला पाठवलं. प्रशांत. मधल्या साळीचा नवरा. त्याची कार अशी आली की धूळ सगळी माझ्या नव्या शर्टावर. काच खाली झाली.

"काहून भाऊ, कम्प्युटर हँग झाला का?"

मी शर्ट झटकला. वंदी अंगठी घेऊन कारमध्ये बसली. मला वाटलं, आता मलाही बसवतील. पण नवी गाडी रस्त्यावर सोडायची कशी? "तुमी या आरामात, अकोला कुठी पळून नाई चाललं," प्रशांत म्हणाला. वंदीने खिडकीतून मान काढून एवढंच सांगितलं, "प्लास्टिक काढा." आणि थोरल्या जवायाच्या हातची अंगठी मधल्या जवायाच्या कारमधून निघून गेली.

मी तत्त्वाचा माणूस. कागद काढला नाही. किल्ली, कान, झाकण, हलवाहलवी, सगळं केलं. (मिठाऐवजी माती उतरवली.) गाडी चालली, बसली. पुन्हा केलं. पुन्हा बसली. मग मी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नीट पाहिलं. कोणी नव्हतं. एक बकरी होती, तिच्याकडे पाठ केली, आणि नखाने तो कागद टरकन काढला. खाली बारीकसं भोक होतं.

त्यानंतर गाडी अशी सुटली, की अकोल्याच्या मंगल कार्यालयासमोरच थांबली. आत अंगठी नवरदेवाच्या बोटात होती, मुहूर्त साधला होता, आजी हसत होती आणि लोक पंगतीत मठ्ठ्यावर आले होते. शीतल मला पाहून धावत आली, "जिजाजी, अंगठी भेटली बरं टायमावर!" माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी ते धुळीवर ढकललं.

"काय झालं होतं गाडीले?" मामाजींनी विचारलं.

"सेन्सर होता," मी गंभीरपणे म्हणालो.

वंदी जिलबी वाढता वाढता म्हणाली, "हो बाबा. गोल होता. लावला तवा मीच होती बाजूले."

पंगत हसली. (प्लास्टिकची गोष्ट माझ्याआधीच अकोल्याला पोचली होती.) आजीला ठसका लागला. प्रशांतने मला आग्रहाने जिलबी वाढली.

पुढे लग्नाची तारीख निघाली, तेव्हा मामाजींनी पहिला फोन मलाच केला. मान असतो तो थोरल्या जवायाचा! "जवाईबापू," ते म्हणाले, "दागिने प्रशांत आनते. तुमी फक्त या. अन् बसनं या."

मीही स्वाभिमानी माणूस आहे. असला अपमान गिळणाऱ्यांतला नाही. बसने मुळीच गेलो नाही. रेल्वेने गेलो.