जोडव्याची पिन

“बसंल की. न बसायला काय झालं?” एवढं म्हणून ती पक्कड दातात धरायची, पदर खोचायची आणि स्पीकरच्या पेटीमागं उकिडवी बसायची.

तुमच्यापैकी कुणी अलीकडं लोहाऱ्यात लग्नाला आलं असेल, तर तिला पाहिलं असणारच. मी तिथल्या एका मंगल कार्यालयाची व्यवस्था बघते. आचारी, फुलं, पाणी, साऊंड, सगळं आदल्या दिवशी लिहून काढते आणि झालं की खूण करते. साऊंडपुढची खूण मात्र ही बाई अक्षता पडेपर्यंत करू द्यायची नाही.

साऊंड मुळात तिच्या नवऱ्याचा. अर्धांगवायूनं त्याची उजवी बाजू गेली, तेव्हापासून तो बाजेवर आणि ही वायरींत. एक पेटी फुटली म्हणून तिनं उमरग्याहून जुनी आणली. त्या पेटीची भोकं मोठी, हिच्या वायरींच्या पिना बारीक. पिन डुगडुगायची, आवाज खरखरायचा. मग ही पिनेला पत्र्याची पट्टी गुंडाळायची.

“अगं, मापाचीच पेटी बघायचीस ना?”

“ताई, सोयरीक जमवताना दोन्ही घरं सारखी असत्यात व्हय? जरा भर घालावी लागती.”

एका लग्नात भटजी मंगलाष्टकांना उभे राहिले आणि नेमकी तीच पेटी मुकी झाली. पट्टी निसटून कुठंतरी पडली होती. पेटी वरपक्षाच्या बाजूला. झालं, “आमालाच ऐकू येऊ नये असं ठरवलंय का?” म्हणून पाहुणे उठू लागले.

“तांब्याची तार गुंडाळ,” मी म्हणाले.

“तारेचे केस सुटून शेजारच्या पिनेला लागले तर मशीन जळंल.”

तिनं इकडंतिकडं पाहिलं. मग स्वतःचा डावा पाय पुढं ओढला, झिजून पातळ झालेलं चांदीचं जोडवं पक्कडीनं तोडलं, पिनेवर त्याचे वेढे दिले आणि दाबून घट्ट केलं.

अक्षता माझ्या मुठीतच राहिल्या. नवरीची आत्या किंचाळली, “अगं ए! नवरा जिता हाय न्हवं तुझा?”

“जिता हाय म्हणून तर तोडलं, आत्याबाई. त्याची पेटी मुकी झाल्यावर त्यो कशाला जगतोय?”

पिन आत गेली आणि भटजींचा आवाज खणखणीत उमटला.

ती पेटी मग पिनेसकट कार्यालयातच राहिली. नवं जोडवं घे म्हणून मी कितीदा सांगितलं. ती हसायची. “एक माझ्या पायात, एक तुमच्या हॉलात. दोन्ही वाजत्यात की.”

मग एका सकाळी तिच्या शेजारणीचा फोन आला. पाणी भरताना ती कोसळली होती. मी पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. आदल्या संध्याकाळीच “उद्या लवकर येते, ताई” म्हणून गेलेली बाई. मी अंगणात उभी राहिले आणि मला एकही काम सुचेना.

बायकांनी तिला हिरवं लुगडं नेसवलं, हळद लावली, बांगड्या भरल्या. पायांशी येऊन तिची चुलतसासू थबकली. डाव्या पायाचं बोट उघडं.

“सवाष्ण अशी एका जोडव्यावर लावून द्यायची व्हय?”

कुणीतरी सोनाराकडं निघालं. तेवढ्यात बाजेवरून आवाज आला. त्याची जीभ जड, तरी शब्द सगळ्यांना कळले.

“नवं नगं. तिचंच आणा.”

मी कार्यालयात पळाले. पिन पेटीतून कशीबशी उपसली, पण जोडवं काही पिनेवरून हलेना. शेवटी तिचीच पक्कड घेऊन वायर तोडली आणि पिनेसकट घेऊन आले. चुलतसासूनं नखानं उकलून पाहिलं, दातानं ओढून पाहिलं, निघेना.

“ह्याला काय करू आता?”

“पिनेसकट बांधा,” तो म्हणाला. “तिनं बसवलेलं निघत न्हाय.”

म्हातारीनं पिन तिच्या बोटावर धरली आणि मागची लाल वायर बोटाभोवती गुंडाळून गाठ मारली. हळदीनं माखलेल्या पायावर ती लाल वायर.

हॉलातल्या त्या पेटीचं एक भोक रिकामंच आहे. नवा साऊंडवाला दर लग्नाला म्हणतो, “ताई, ह्यात काय बी बसंना. ही पेटी काढून टाका की.”

बाकी सगळी कामं मी आदल्या दिवशी लिहून काढते. हे एक अजून लिहिलेलं नाही.