सहा गाभण उंदरिणी आणि एक टब

कॉलेजातल्या पांढऱ्या उंदरांची देखभाल माझ्याकडे होती. चौथी शिकलेल्या बाईला हे काम मिळालं, कारण जनावरांचा वास मला चालायचा. माहेरी मेंढरंच होती. नवरा वाळूजच्या कंपनीत लागला, आम्ही हर्सूलला खोली घेतली आणि मी मेंढरांवरून उंदरांवर आले.

तिथं पीएचडी करणाऱ्या एक ताई होत्या. पोटात पिल्लं वाढताना आईच्या अंगात नव्या रक्तवाहिन्या पालवीसारख्या फुटतात. त्या फुटवणारा एक पदार्थ रक्तात असतो, तो ताई गाभण उंदरिणींमध्ये मोजायच्या. उंदरिणी सहा. तिघींना औषध, तिघींना नुसतं पाणी. प्रत्येकीच्या पिंजऱ्यावर नंबर आणि शेपटीवर तितक्याच शाईच्या रेघा, त्यावरून कोण कुठली ते कळायचं. मी उंदरांशी बोलते आणि माणसांसमोर पदर तोंडाशी धरते, म्हणून ताई चिडवायच्या की मावशीला शेपूट असलेलेच पाहुणे आवडतात.

विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदात दोन दिवस शहर मिटलं. उंदरांना पाणी कोण पाजणार, म्हणून मी हर्सूलहून पायी गेले. पिंजऱ्यांत अंथरलेला भुसा सगळा ओला, आणि कोरडा एका टबापुरताच उरलेला. गाभणीला ओल्यात बसवू नये, एवढं मला माहेरूनच ठाऊक. सहाही जणींना कोरड्या टबात एकत्र घातलं आणि पिंजरे धुऊन उन्हात ठेवले. स्वतःवर लई खूश होते मी.

तिसऱ्या दिवशी ताई आल्या, टबात बघितलं आणि फरशीवरच बसल्या. सहा जणींनी एकमेकींच्या शेपट्या चाटून लख्ख केल्या होत्या. रक्त तर उद्याच काढायचं होतं. औषधाची कोण, पाण्याची कोण, हे कळलं नाही तर ताईंची सगळी मेहनत पाण्यात.

मी पदराआडून म्हणाले, "ताई, मला वळखू येतात की."

"कशावरून?"

"तोंडावरून."

ताईंनी सहा पांढऱ्या तोंडांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी एकेकीला उचलून तिच्या तिच्या पिंजऱ्यात ठेवलं. ताईंनी भिंग आणून शेपट्या तपासल्या. दोघींच्या अंधुक रेघा दिसत होत्या, त्या जुळल्या. बाकी चौघींचं काय, म्हणून त्यांनी आपल्या पीएचडीच्या सरांना बोलावलं.

सरांनी मी ठेवलेल्या पिंजऱ्याच्या नंबराप्रमाणे सगळ्यांच्या पोटावर बारीक खुणा केल्या, पुन्हा एका टबात मिसळल्या आणि मला निवडायला सांगितलं. पुरुषमाणूस डोक्याशी उभा, माझा हातच उचलेना. मी ताईंच्या कानात सांगितलं. ताई हसू दाबत म्हणाल्या, "सर, तुम्ही जरा बाहेर थांबता का? मावशी लाजतात."

सर आपल्याच प्रयोगशाळेच्या दाराबाहेर उभे राहिले. तिथूनच त्यांनी विचारलं, "चार नंबरची खूण काय?"

"ती रुसल्यावानी बसती," मी दाराकडे पाठ करून सांगितलं.

"आणि दोन नंबर?"

"तिला आपलंच लई कौतुक. सारखी मिशा पुसती."

सहाही जणी निवडून झाल्यावर सर आत आले. एकेकीला उलटी करून त्यांनी पोटावरच्या खुणा बघितल्या. सहाच्या सहा बरोबर. मग ताईंना म्हणाले, घडलं ते सगळं वहीत लिहा, मिसळल्या होत्या हेही लिहा, आणि सकाळी रक्त काढा. रुसण्याचं कसं लिहायचं, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

सकाळी उंदरीण मी धरली आणि ताईंनी सुई हातात घेतली. टोचण्याआधी दर वेळी त्या मला विचारायच्या, "ही कोण, मावशी?" मी सांगायचे, आणि मगच त्या नळीवर नंबर घालायच्या.