बापाची ढाल

शिकागोजवळ एका मराठी माणसाच्या घरी जेवायला गेलो होतो, ऐंशीच्या दशकात. तो गृहस्थ पुन्हा भेटला नाही. माझं काही अडलंही नाही. फायरप्लेसवर त्याने न्यू गिनीची लाकडी लढाऊ ढाल टांगली होती. तिच्यावर कोरलेल्या माणसावर बोट आपटत तो सांगत होता, "हा लढणाऱ्याचा मेलेला बाप. बाप पुढे, आपण मागे! शत्रू बापाला बघूनच पळतो."

जेवायला आलेल्या गोऱ्या शेजाऱ्याने विचारलं, तुमच्याच घराण्यातली का?

"येस," गडी बेधडक म्हणाला.

निघताना कोट आणायला त्याच्याबरोबर बेसमेंटमध्ये उतरलो. वॉशिंग मशीनमागे एक तसबीर होती. काळी टोपी, कपाळाला गंध आणि नाक थेट यजमानाचं.

"वडील?" मी विचारलं.

"हो. ढालीशेजारी मॅच होत नाहीत, यार."