साळुबाईच्या ओट्यावर खोटं चालत नाही

आमच्या वारूळवाडीत साळुबाईएवढी हट्टी बाई दुसरी नाही, आणि हे मी कौतुकानं सांगतोय. चाळीस वर्षांचा शेजार आहे. ती ख्रिस्ती, मी खंडोबाचा. दर रविवारी चर्चात मिस्सा झाला की चार-पाच पोरं तिच्या ओट्यावर धर्म शिकायला बसतात. मधे नुसता कठडा, अलीकडं माझी खाट. त्यामुळं फुकटात माझंही शिक्षण झालं.

एकदा दादाभाऊची नात प्रतीक्षा विचारती, "मावशी, गुरुवारी मटण चालतं अन् शुक्रवारी पाप? बोकड तर त्योच ना!"

पोरं खिदळली. साळुबाई नाही हसली. "मटणात पाप न्हाई गं. येशू शुक्रवारी क्रुसावर गेला, म्हणून ईस्टरच्या आधीचे शुक्रवार मटण सोडायचं. ह्यो नियम चर्चचा. चर्चनं केला, चर्चच सूट देतं. पण खोटं बोलू नको, हे चर्चनं ठरवल्यालं न्हाई. त्याला सूट द्यायला पोपलाबी येत न्हाई."

मला हे लई पटलं.

यंदा गावची यात्रा नेमकी त्यातल्याच एका शुक्रवारी आली. यात्रेचा पाव्हणा उपाशी गेला तर घराची मान खाली जाती. माझ्या नातीनं, श्रेयानं, प्रतीक्षाला ओढतच आणलं. पोरगी आधी नको म्हणाली. मग माझ्या बायकोचं, ठमाबाईचं, तोंड पडलेलं बघून मटणाच्या ताटावर बसली. वाढायला मीच होतो.

पंधरा दिवसांनी नवे फादर पोरांची परीक्षा घ्यायला ओट्यावर यायचे होते. बिशप तीन वर्षांनी एकदा येतात, तेव्हा पोरांचं दृढीकरण होतं. म्हणजे बाप्तिस्म्यात आईबापांनी दिलेला शब्द पोरांनी मोठेपणी आपल्या तोंडानं पक्का करायचा. फादरांनी आधीच कळवलं होतं, नियम मोडणारा पुढच्या खेपेला. पुढच्या खेपेला प्रतीक्षा कुठं पुण्याला शिकत असणार!

फादर यायच्या आत दादाभाऊ नातीला म्हणाले, "रश्श्यातला बटाटा खाल्ला म्हणायचं. मिटलं!"

साळुबाई ताडकन उठली. "दादाभाऊ, खोटं शिकवायचं तर आपल्या ओट्यावर न्या तिला."

"पोरीचं वाटोळं करती का?"

"ज्या तोंडानं देवाला शब्द द्यायचा, ते तोंड आधीच खरकटं करायचं व्हय?"

फादर आले. त्यांनी विचारलं, शुक्रवार पाळले का? प्रतीक्षा उभी राहिली. "एक न्हाई पाळला, फादर. यात्रेत मटण खाल्लं. श्रेयाच्या आजीला वाईट वाटलं म्हणून. पण खाल्लं."

फादरांनी वहीवर पेन टेकवलं.

"थांबा," साळुबाई म्हणाली. "यात्रा शुक्रवारी येतीय हे मला महिनाभर आधी ठाऊक. तुमच्याकडं सूट मागायचं काम माझं, त्ये मी इसरले. नाव खोडायचा अधिकार तुमचा, मी मानते. पण खरं बोलली म्हणून तिचं नाव जाणार असंल, तर उद्यापासनं ह्या ओट्यावर मी काय शिकवू? त्येबी तुमीच सांगा."

दादाभाऊंना राहवेना. "फादर, पोरगी घाबरून बोलतीय, बटाटाच व्हता! सावळाराम, सांगा राव!"

आता मला मधे घेतलं म्हटल्यावर मी खाटेवरनं उठलो. "खंडोबाची आण, दादाभाऊ. तिला एक नळी वाढली. तुम्हाला दोन."

पोरं फुटली. फादरांनी ओठ दाबून धरले होते, पण खांदे हलत होते. पेन खिशात गेलं.

"आजोबा आणि नात, दोघांनीही शनिवारी पापकबुलीला यायचं," ते म्हणाले. "नाव राहील."

प्रतीक्षानं मान हलवली. दादाभाऊ चपला शोधायला लागले, पायात असताना.

साळुबाई तोवर घरातून कॅलेंडर घेऊन आली होती. "फादर, पुढल्या साली यात्रेला शुक्रवारच आला तर सूट मागायला मी महिनाभर आधी येनार."

"आणि मी नाही दिली तर?"

"तर सावळारामभाऊ पिठलं वाढतील," ती म्हणाली. "अन् त्येबी माझी पोरं खरं सांगतील."