भोंग्यातला जयवंत परब

भंगारवाल्याची हातगाडी आमच्या गल्लीत शिरली की आजोबा उठून खिडकी लावून घ्यायचे. कारण गाडीवरच्या भोंग्यात तेच बोलत असतात.

"जुनं लोखंड, पत्रा, पितळ! बंद पडलेला पंखा, बंद पडलेला मिक्सर, बंद पडलेलं काहीही! माळ्यावरून खाली आणा, ताई, माळ्यावरून खाली आणा!"

'काहीही'वर एक लांबलचक झोका, 'ताई'वर साखर, आणि 'खाली आणा' इतक्या हक्कानं की माळ्यावर काही नसलं तरी बाई एकदा वर बघून घेते. रेकॉर्डिंग जुनं आहे. मधल्या काळात भंगारवाला बदलला, हातगाडी बदलली, आवाज तोच राहिला. फक्त तो आता आजोबांकडे नाही. दोन वर्षांपूर्वी परळच्या हॉस्पिटलात त्यांच्या घशाचं मोठं ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्रच काढावं लागलं.

त्याआधी भांडुप ते मुलुंड जयवंत परबांचा आवाज ऐकला नाही असा माणूस नव्हता. एलबीएस रोडवरच्या कंपनीत नोकरी, आणि सुट्टीच्या दिवशी कबड्डीच्या मैदानात माइक. "चढाईला निघालाय सातारकरांचा पोरगा, निघालाय, निघालाय... अरे, गेला कुठे? गेला, पाच जणांच्या खाली गेला!" गणपतीत हरवलेली मुलं शोधायला हेच. "निळा शर्ट, हातात अर्धा लाडू, नाव विचारलं की 'पप्पा' सांगतो. ज्यांचा असेल त्यांनी मंडपात यावे. लाडू संपत आलेला आहे." कंपनी बंद पडली, तिच्या जागी टॉवर उभा राहिला, तेव्हा आजोबांनी मित्राच्या टेम्पोवर भोंगा बांधला आणि त्या आवाजावरच घर चालवलं. चादरींचा सेल, सर्कस, उद्या पाणी कमी दाबाने येईल. मी बोलायला शिकले ती हे सगळं ऐकत. त्यामुळे 'आई' म्हणायच्या आधी मी 'महासेल' म्हणाले, असं आमच्या घरात सांगतात.

मला आवाज काढता येतात. कोणाचेही. आमच्या कॉलेजच्या व्हाइस प्रिन्सिपॉल, सोसायटीचे सेक्रेटरी, कुकरची तिसरी शिट्टी. पण सगळ्यात झकास काढते तो आजोबांचा. ऑपरेशननंतर ते नुसते ओठ हलवायचे, आणि ते ओठ मला सगळ्यात आधी वाचता यायला लागले. मग बाजारात आम्ही दोघं जायचो. आजोबा ओठ हलवणार आणि मी त्यांच्याच आवाजात, "काय हो, ही मेथी आहे की मेथीची आठवण?" भाजीवाली एकदा माझ्याकडे बघायची, एकदा त्यांच्याकडे, आणि जुडी मुकाट्यानं बदलून द्यायची.

हॉस्पिटलातून एक मशीन दिलं होतं. टॉर्चएवढं. गळ्याला लावून बटण दाबायचं आणि ओठ हलवायचे, की आवाज येतो. पण तो आवाज माणसाचा नाही, डब्यात अडकलेल्या भुंग्याचा. आजोबांनी ते एकदाच लावून बघितलं, बंद केलं, डब्यात ठेवलं आणि टेबलावर दोनदा बोट वाजवलं. एकदा वाजवलं की हो, दोनदा वाजवलं की नाही. आई मात्र ते बाहेर निघताना दर वेळी त्यांच्या पिशवीत टाकायची. "राहू दे, बाबा. छत्रीसारखं."

तर गेल्या डिसेंबरात इग्नेशियस आजोबा आले. हे कांजूरच्या गावठाणातले, शाळेत आजोबांच्या बाकावरचे, पुढे जन्मभर बोटीवर स्वयंपाकी. अजूनही बसले की पाय फाकवून बसतात, जसा काही आमचा हॉल हलतोय.

"ऐक रे, जयवंत. रविवारी आपली हजेरी हाय. सरांनी लास्ट टायमाला तुझं नाव घेतलं, तर वर्गात सगळे गप. मग सर हळूच बोलले, जयवंत पण गेला वाटतं. मी बोललो, नाय सर, गावाला गेलाय. वर्ष झाला मॅन, तुला गावाला ठेवून! या टायमाला काय सांगू? थितंच घर बांधला?"

आजोबा हसले नाहीत.

ही हजेरी म्हणजे त्यांच्या बॅचची पद्धत. टेकडीवरच्या इंग्लिश स्कूलमधून मॅट्रिक झालेली ही मंडळी वर्षातून एकदा जुन्या वर्गात जमतात. शाळेच्या नावात तेवढं इंग्लिश होतं, बाकी भूगोलापासून शिव्यांपर्यंत सगळं मराठीत. आता ती खरोखरच इंग्रजी माध्यमाची झाली आहे आणि मराठीचा वर्ग जिन्याखाली बसतो. पण त्या एका रविवारी चेंदवणकर सर पार्ल्याहून येतात, खुर्चीत बसतात आणि वर्गाची सगळी नावं पाठ म्हणतात. नाव आलं की 'हजर सर' म्हणायचं आणि या वर्षात काय केलं ते एका वाक्यात सांगायचं. सर नव्वदी ओलांडलेले. काचबिंदूनं डोळे गेले. ओळखतात ते आवाजावरून.

इग्नेशियस आजोबा गेल्यावर आजोबांनी मला जवळ बोलावलं. ओठ हलले. "तू दे हजेरी. माझ्या आवाजात."

"कसली भारी आयडिया!" मी उडालेच.

आई किचनमधून आली. "बाबा, डोळे गेलेल्या माणसाला फसवणार तुम्ही? सरळ सांगा ना सरांना, आवाज गेलाय म्हणून. जगातला पहिला माणूस आहात का तुम्ही?"

टक, टक.

मग ते माझ्याकडे वळून सावकाश ओठ हलवत राहिले आणि मी आईला सांगत गेले. पाचवीत ते गावाहून भांडुपला आले, वडील गिरणीत होते. वर्गात तोंड उघडलं की मालवणी बाहेर पडायचं आणि पोरं हसायची, म्हणून त्यांनी बोलायचंच सोडलं. चेंदवणकर सरांनी त्यांना प्रार्थनेनंतर बातम्या वाचायला उभं केलं. वरच्या व्हरांड्यात, माइकशिवाय. शेवटच्या रांगेतल्या पोरानं हात वर करेपर्यंत तीच बातमी परत. महिनाभर पोरांना एकच बातमी ऐकावी लागली, पण आवाज आला.

"हा आवाज सरांनी दिलेला," मी म्हणाले, म्हणजे आजोबा म्हणाले. "तो हरवला, असं कुठल्या तोंडानं सांगू?"

आईनं मशीन मात्र पिशवीत टाकलं.

आठवडाभर आम्ही तालीम केली. मी 'हजर सर' म्हणायचे आणि आजोबांचा हात वर. अजून मोठ्यानं. शेजारच्या गार्गीनं भिंतीवर थाप मारली, तरी हात वरच. शेवटी मी भोंग्यातला आवाज लावला, छातीतून काढलेला, भांडुपहून मुलुंडला पोचेल असा. आजोबांनी डोळे मिटून ऐकला आणि एकदाच बोट वाजवलं.

रविवारी वर्गात सगळे आजी-आजोबा लहान बाकांत गुडघे कोंबून बसले होते. मी आजोबांना चिकटून. फळ्यावर इंग्रजी कविता कोणीतरी अर्धी पुसलेली. सरांचा आवाज बारीक, पण तासलेल्या पेन्सिलीसारखा.

"नलिनी केरकर."

"हजर सर. नातवाला स्वेटर विणला, तो त्याला होत नाही, सर." नलिनीआजी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. अजूनही वाक्य संपलं की क्षणभर थांबतात, पलीकडून कोणी लाइन तोडतंय का ते बघायला.

"हर्षद मांजरेकर."

"हजर सर. ॲक्चुअली सर, पवईचा फ्लॅट रिनोव्हेट केला. म्हणजे, बेसिकली भिंती पाडल्या."

"कुणी सांगितलं होतं पाडायला?"

"बायकोनं, सर."

वर्ग हसला. इंजिनियर झालेला, अमेरिकेत राहून आलेला माणूस कान धरल्यासारखा खाली बसला. इग्नेशियस आजोबांनी या वर्षी मासे खायचे कमी केल्याचं सांगितलं. सर म्हणाले, "खोटं." मग ते जरा थांबले. थांबले, म्हणजे पुढचं नाव त्यांनी आधी स्वतःशी म्हणून बघितलं असावं.

"जयवंत परब."

आजोबांचं कोपर मला लागलं. मी श्वास घेतला आणि लावला. "हजर सर!"

खिडकीची काच वाजली. इतका परफेक्ट मी तो कधीच काढला नव्हता. मागच्या बाकावरच्या कोणीतरी 'अगं बाई' केलं.

सरांनी मान तिरकी केली. "हा कोण?"

वर्गातल्या माना आमच्याकडे वळल्या.

"आवाज जयवंतचा आहे. कबड्डीच्या मैदानावरून माझ्या तेव्हाच्या भांडुपच्या घरापर्यंत यायचा, मी गॅलरीत बसून ऐकायचो. पण माझ्यासमोर जयवंत कधी असा बोलला नाही. व्हरांड्यात गर्जायचा आणि माझ्यापुढे आला की पुन्हा पाचवीतला व्हायचा. त्याची हजेरी मला कान देऊन ऐकावी लागायची." सर खुर्चीत पुढे सरकले. "जयवंत आलाय का?"

मी आजोबांकडे बघितलं. त्यांचे कान लाल झाले होते. बराच वेळ ते बाकावरच्या कर्कटकाच्या खुणा बघत राहिले. मग त्यांनी बोट वाजवलं. टक.

"बाक वाजवायचा नाही," सर म्हणाले. "तोंडानं."

मला वाटलं, आता वाट लागली. आजोबा उठून बाहेर जाणार. ते उठलेच. पण पिशवीत हात घातला, ते मशीन काढलं आणि गळ्याला लावलं. ते नीट टेकलं नव्हतं, त्यामुळे आधी नुसतीच घरघर आली. नलिनीआजींनी तोंडावर पदर धरला.

"अजर... सर."

डब्यातला भुंगा. अख्ख्या वर्गात तेवढाच आवाज. सरांच्या चेहऱ्यावर कळल्याचं आधी दिसलं, मग दुखल्याचं, आणि मग त्यांनी ते दोन्ही फळा पुसावा तसं पुसलं.

"'ह' खाल्लास," ते म्हणाले.

"सर," नलिनीआजी म्हणाल्या, "मशीन आहे ते. त्यातून नाही येणार 'ह'."

"पाचवीत कुठलं मशीन होतं? तेव्हाही येत नव्हता. जयवंत, पुन्हा."

"अजर सर."

"पुन्हा. घाई नको."

आजोबांनी मशीन जरा वर सरकवलं, मग जरा बाजूला. पाठ ताठ केली. "हजर, सर." 'ह' खरंच आला की आम्हालाच तो आल्यासारखा वाटला, मला अजून सांगता येत नाही. इग्नेशियस आजोबांनी मात्र हात वर केला होता, शेवटच्या रांगेतल्या पोरानं करावा तसा.

"ठीक. या वर्षी काय केलंस?"

आजोबांनी विचार केला. "गप्प... बसलो."

"पुढच्या वर्षी दुसरं काहीतरी सांग," सर म्हणाले. "सुशांत पेडणेकर."

आणि हजेरी पुढे गेली.

टेकडी उतरताना मी तोंड पाडून चालले होते. आठवड्याची मेहनत, आणि सरांनी एका वाक्यात आउट केलं. रिक्षास्टँडपाशी आजोबांनी मशीन गळ्याला लावलं. स्टँडवरची माणसं वळून बघायला लागली, पण आजोबा माझ्याशीच बोलत राहिले. "तुझा काय चुकला नाय गो. सरांसमोर तो मोठा आवाज कधी निघालाच नाय. म्हटलं, एकदा तरी ऐकू दे."

"त्यांनी ऐकलाय ना! गॅलरीत बसून."

टक, असं त्यांनी माझ्या डोक्यावर वाजवलं.

दोन दिवसांनी हातगाडी आली. बंद पडलेला पंखा, बंद पडलेला मिक्सर, बंद पडलेलं काहीही. मी खिडकी लावायला उठले, तर आजोबा आधीच तिथं उभे. त्यांनी भोंगा पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला, हनुवटी वर करून, परीक्षकासारखा. मग मशीन गळ्याला लावलं.

"'पितळ'नंतर श्वास घ्यायला हवा होता," ते घरघरले. "सरांनी परत वाचायला लावला असता."

आणि खिडकी उघडी ठेवून चहा मागितला. तोंडानं.