बंदीच्या महिन्यांतले हप्ते

बोर्ली पंचतनच्या बाजारात, तलाठी कार्यालयाला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडखाली माझे टेबल आहे. माझे शिक्षण नववीपर्यंत झालेले असले, तरी वारसनोंदीपासून अडलेल्या निवृत्तिवेतनापर्यंत माझी लेखणी चालली नाही असे प्रकरण ह्या पंचक्रोशीत विरळाच सापडेल. ‘हा अर्ज कोणी लिहिला?’ अशी विचारणा वरिष्ठ अधिकाऱ्यांनी केल्याचीही उदाहरणे आहेत. हे मी प्रौढीने सांगत नाही. पुढे जे घडले त्याचे नवल वाचकांस यथार्थ कळावे, एवढ्याचसाठी सांगतो.

नारळी पौर्णिमा होऊन पंधरवडा उलटला होता. दिघीकडच्या कोळीवाड्यातील एक बाई मासळीची पाटी रिकामी करून माझ्यासमोर येऊन बसली. मी तिला पुष्कळ वर्षे ओळखत होतो, कारण आमच्या घरची मासळी तिच्याकडूनच येते. भाव करताना ती माझ्यासारख्या माणसाचीही गय करीत नाही. त्या दिवशी मात्र तिने पदराखालून प्लास्टिकची पिशवी काढून टेबलावर ठेवली. पिशवीत नोटा होत्या.

“भाऊ, अर्ज लिवा. बँकेला सांगा, आमी बुडवणारी माणसं न्हाय.”

हकीकत अशी होती. आदल्या हंगामात तिच्या घरी एक क्रेडिट कार्ड आले होते. त्या कार्डावर त्यांनी नवे जाळे घेतले, बर्फाची मोठी पेटी घेतली, डिझेल भरले. मे महिन्यापर्यंत बिले वेळच्या वेळी भरली. पुढे सरकारची मासेमारीबंदी लागली, होडी वर ओढून ठेवली गेली आणि बिल भरणेही थांबले. पौर्णिमेनंतर पहिल्या मासळीचे पैसे हाती येताच ती सगळी रक्कम घेऊन बँकेत गेली. तेथे तिला कळले की व्याज आणि दंड मिळून देणे फुगलेले आहे, ही पिशवी त्याला पुरणार नाही. ह्याहून वाईट असे की होडीच्या नव्या इंजिनासाठी केलेला कर्जाचा अर्ज त्याच कारणाने परत आला होता.

इंजिनाची गरज मला ठाऊक होती. सारा कोळीवाडाच ती जाणून होता. तिचा नवरा आणि दीर ज्या होडीवर जात, तिचे इंजिन मागच्या हंगामात खाडीच्या तोंडाशी बंद पडले होते आणि दुसऱ्या होडीने दोर टाकीपर्यंत ते दोघे ओहोटीबरोबर बाहेर वाहत गेले होते.

बंदीत बिल का भरले नाही, हे शहरातल्या माणसाला कदाचित समजणार नाही. आमच्या किनाऱ्यावर उधारीची एक रीत आहे. बंदीच्या महिन्यांत वाणी कोळ्याला माल देतो आणि पैशांचे नाव काढत नाही. ते काढणे अभद्र समजले जाते. कोळीही त्या काळात थोडेथोडे देत नाही. जो बंदीत चिल्लर द्यायला येतो, त्याचा स्वतःच्या होडीवर भरवसा उरलेला नाही, असा अर्थ होतो. पौर्णिमा झाली, मासळी आली, की बाई एकदम सगळे देणे चुकते करते आणि वर वाण्याच्या घरी एक पापलेट पाठवते. ह्या घराने बँकेलाही वाण्याइतकाच मान दिला होता. दरमहा किमान रक्कम भरायची सोय बिलावर छापलेली होती. ती भरणे त्यांना कमीपणाचे वाटले.

नवरा मागे उभा होता. तो म्हणाला, “बंदीत सरकारबी दर्याला सुट्टी देतंय. ही बँक कोण लागून गेली?”

मी तीन पानी अर्ज लिहिला. उभयतांचे निष्कलंक चारित्र्य, दर्याची अनिश्चितता, प्राचीन रीतिरिवाज, असा सर्व विषय त्यात क्रमाने मांडला आणि शेवटी दयाबुद्धीने विचार व्हावा अशी प्रार्थना केली. बाईने तो मला दोनदा वाचायला लावला आणि डोळे पुसले.

आठ-दहा दिवसांनी वसुली विभागातून तिला फोन आला. तिने तो माझ्या टेबलावर आणून माझ्या हाती दिला. पलीकडील तरुणीने सांगितले की इतकी रक्कम एकरकमी भरा, उरलेली सोडून देऊ, प्रकरण मिटवू. तो आकडा पिशवीतल्या पैशांपेक्षा किंचित कमीच होता. माझ्या लेखणीला लाभलेल्या यशांत मी हे यश वरच्या स्थानी ठेवले आणि बाईला तसे म्हटलेही.

ती म्हणाली, “मग इंजिनाचं कर्ज मिळंल ना?”

हा प्रश्न मी फोनवर विचारला. तरुणी म्हणाली, तो आमचा विभाग नाही. म्हणून ती, तिचा नवरा आणि मी असे तिघेही उठून बोर्लीतल्या शाखेत गेलो. तेथे कर्जाचे काम पाहणाऱ्या एक बाई होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी माझा अर्ज बाजूला ठेवला आणि संगणक आमच्याकडे वळवला.

त्या म्हणाल्या, “काका, तडजोड केलीत तर नोंद तशीच होते. पूर्ण फेडलं असं लिहीत नाहीत, तडजोडीनं मिटवलं असं लिहितात. ते पुढं कित्येक वर्षं दिसत राहतं, आणि ते दिसलं की कुठलीही बँक आधी हात आखडता घेते.”

“म्हणजे माफी मिळाली तरी?”

“माफी मिळाली म्हणूनच.”

मला त्या क्षणी जे वाटले, ते नेमके मांडता येईल की नाही, शंका आहे. मी हयातभर माफीचे अर्ज लिहीत आलो. दंड माफ, विलंब माफ, शेतसारा माफ. माफी मिळाली की माणूस मोकळा झाला, असे मी मानत होतो. आणि येथे कुठेतरी एक वही नसलेले दफ्तर होते. त्याने दिघी पाहिलेली नव्हती, ह्या बाईचा चेहरा पाहिलेला नव्हता, तरी तिने मे महिन्यात कोणत्या तारखेला पैसे भरले हे त्याला माहीत होते. त्या सगळ्याचा मिळून त्याने तीन आकड्यांचा एक गुण, बँकवाले ज्याला क्रेडिट स्कोअर म्हणतात तो, काढून ठेवला होता. माझ्या वाक्यरचनेचा ज्याच्यावर काडीचाही परिणाम होत नाही, असा वाचक मला आयुष्यात प्रथमच भेटला. मी त्या पडद्याकडे देवळाच्या गाभाऱ्याकडे पाहावे तसा पाहत राहिलो.

कोळीण मात्र हसली. “भाऊ, तुमचा अर्ज आयकून मी रडली. ह्याला न्हाय रडू आलं.”

नवऱ्याने सुचवले की दुसऱ्या बँकेत अर्ज टाकू, तिसऱ्या बँकेत टाकू. शाखेतल्या बाईंनी मान हलवली. प्रत्येक अर्जाचीही नोंद होते, आणि चार दारे ठोठावणाऱ्या माणसाकडे बँक संशयाने पाहते, असे त्यांनी सांगितले. मग ठरले ते असे. पिशवीतल्या पैशांनी आधी चुकलेल्या महिन्यांची बाकी भरायची. उरलेल्या देण्याचे कमी व्याजाचे हप्ते बांधून मागायचे. कार्ड घरात ठेवायचे, पण त्यावर नवे काही घ्यायचे नाही. हप्ता तारखेच्या आधी भरायचा, एकही चुकवायचा नाही. मग वर्षाने या, पाहू, असे त्या म्हणाल्या.

ह्या वेळचा अर्ज मी अर्ध्या पानात लिहिला. त्यात दया हा शब्द नव्हता. तो मंजूर झाला.

“वर्स?” नवरा बाहेर येऊन म्हणाला. “आणि तवर आमी काय पवत जायाचं?”

“मिस्त्रीला बोलव,” ती म्हणाली. “आणि किनारा दिसंल इतकंच लांब जा. मासळी कमी आली तरी चालंल, तू परत ये.”

त्या हंगामात ती होडी खरोखरच दूर गेली नाही. मिळकत घटली. तरी बाई दर महिन्याला माझ्याकडे येऊन हप्ता भरल्याचा मोबाइलवरचा संदेश वाचून घेई. तो खरा आहे की नाही, हे तिला माझ्या तोंडून ऐकायचे असे.

मला धास्ती होती ती पुढच्या बंदीची. होडी वर ओढली गेली आणि मी मनाशी म्हटले, आता काय करणार. आमच्याकडे पावसात कोळणी सुकी मासळी घेऊन आतल्या भातशेतीच्या गावांत जातात. सुकट, जवळा, बोंबील देतात आणि त्याबदल्यात तांदूळ घेतात. पैशांचा व्यवहार त्यात फारसा नसतो. तांदळाने कोळ्याच्या घराची बेगमी होते आणि त्यावर पावसाळा निघतो. त्या वर्षी ही बाई तांदूळ घेईना. रोख द्या, म्हणू लागली.

आतल्या गावातली एक कुणबीण माझ्याकडे उताऱ्याच्या कामाला आली होती. ती तक्रारीच्या सुरात म्हणाली, “ती बाई माजली हाय. माझ्या सासूच्या वक्तापासून तांदूळ घेतात, हिला नोटा पायजेत.”

मी तिला कारण सांगितले. “असं व्हय,” एवढेच म्हणाली. पुढे समजले की तिने आपल्या वाडीतल्या बायकांकडून रोख गोळा करून ठेवली होती आणि वर ओंजळभर तांदूळही दिले होते. तरी त्या पावसाळ्यात कोळणीच्या घरी दिवसातून एकच वेळ पेज शिजत असे, हे मला तिच्या दिराकडून कळले. ती स्वतः बोलली नाही. भर पावसात डोक्यावर इरले आणि पाटी घेऊन ती घाट चढून जाताना मी एसटीच्या खिडकीतून पाहिली. मी बोर्लीत पोचलो, चहा घेतला, दोन अर्ज लिहून संपवले, आणि त्यानंतर ती बाजारात आली, हप्त्याचे पैसे ओल्या कनवटीतून काढीत. तारखेला अजून अवकाश होता.

बंदीतले दोन्ही हप्ते वेळेआधी गेले. कोळीवाड्यात तिला टोमणे बसले. हिच्या नवऱ्याची होडी बुडाली का, बंदीत पैसे भरत फिरते, असे म्हणणारे होतेच. ती म्हणे, “बुडू नये म्हणून भरते.”

पौर्णिमेनंतर आम्ही पुन्हा शाखेत गेलो. तिथल्या बाईंनी पडदा वळवला. गुण वर चढला होता. मागच्या वर्षीच्या तीन चुकलेल्या महिन्यांच्या नोंदी तशाच होत्या, त्या पुसल्या गेल्या नव्हत्या. पण त्यांच्याखाली एकेक महिना चोख उभा होता. त्या रांगेतल्या कोणत्या नोंदीसाठी कोणत्या वाडीत किती जवळा गेला, हे त्या यंत्राला माहीत नव्हते आणि मला थोडेफार माहीत होते. असा पुरावा मी कोणत्याही अर्जाला कधी जोडला नव्हता.

कर्ज मंजूर झाले, मागितले त्याहून थोडे कमी. शाखेतल्या बाई म्हणाल्या, “मच्छीमारांसाठी सोय आहे. बंदीच्या महिन्यांत हप्ता नको असेल तर तसं बांधून देते.”

मी कोळणीकडे पाहिले. उत्तर नवऱ्याने दिले. “नको. बारा म्हयने ठेवा.” मग माझ्याकडे वळून जरा ओशाळून म्हणाला, “सुट्टी घेतली की बाकीचे हप्ते मोठे पडतात, भाऊ. मी हिसोब केला.”

बाई त्याच्याकडे पाहत राहिली.

इंजिन दिघीच्या बंदरावर उतरले तेव्हा मला आवर्जून बोलावणे आले. ते होडीत बसवायला एक दिवस गेला. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या भरतीला दोघे भाऊ निघाले. खाडीचे तोंड ओलांडून होडी सरळ बाहेर गेली, किनारा दिसेल तिथवर थांबली नाही. बाई धक्क्यावर उभी होती. इंजिनाचा आवाज एकसारखा येत होता, मग बारीक होत गेला, मग वाऱ्यात मिसळला. मी शेजारी उभा होतो.

“लांब गेले,” ती म्हणाली, आणि पाटी उचलून बाजाराच्या वाटेला लागली.